‘जोतेगे होदळु’: सीमाभागातल्या एका सखी केंद्राचा आमचा अनुभव

आमच्या कर्नाटकातल्या सीमाभागात एका सरकारी दवाखान्याच्या आवारात सखी केंद्र आहे, म्हणजे अत्याचार झालेल्या बायका-मुलींना मदत करणारं सरकारी केंद्र. एका पावसाळ्यात मी तिथं सहा वेळा गेले, सहाही वेळा एकाच मुलीला घेऊन. पहिल्यांदा जायच्या आदल्या रात्री मी फोनवर तासभर शोधत बसले होते. कुठल्या दारानं आत जायचं, बरोबर काय न्यायचं, किती वेळ लागतो, तिथली माणसं बोलायला कशी आहेत, यातलं मराठीत काही सापडलं नाही. सरकारी पानावर योजनेचं नाव आणि उद्दिष्टं होती. मला त्या रात्री रस्ता पाहिजे होता. तो दुसऱ्या कुणाला सापडावा म्हणून हे लिहिते आहे.

मुलीचं नाव, गाव, वय, माझं तिचं नातं यातलं काहीही इथं येणार नाही. तिची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी ते केलं नसतं. केंद्र कुठलं तेही सांगत नाही. आमच्याकडं दवाखान्याचं नाव घेतलं की लोक तालुका ओळखतात, तालुक्यावरून गाव आणि गावावरून घर. हे लिहिलेलं तिनं स्वतः वाचलंय. दोन वाक्यं तिनं काढायला लावली, ती काढली. मी शिवणक्लास चालवते, एवढं मात्र सांगते, कारण पुढं त्याचा संबंध येतो.

तिच्या आईनं मला बोलावलं तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. पोरगी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजलेली. आई न्हाणीघराच्या दारात उभी. बादलीत कपडे साबणाच्या पाण्यात बुडवलेले, वर पितळी तांब्या उपडा ठेवून दाबलेले. “धुवून टाकतो आक्का सगळं, म्हणजे डोळ्यासमोर नको,” असं ती म्हणाली. तिची काही चूक नव्हती. तिच्या आईनंही तेच केलं असतं, माझ्याही. अंगावरून गरम पाणी घालायचं, कपडे धुवायचे किंवा जाळायचे, देवाला दिवा लावायचा आणि कुणाला काही बोलायचं नाही, ही आपल्याकडं चालत आलेली रीत आहे. पोरीच्या मायेपोटीच पुरावा पाण्यात जातो.

मी १८१ ला फोन लावला. ही महिलांची हेल्पलाईन. तिथून सखी केंद्राचं कळलं, आणि केंद्रातल्या बाईंनी फोनवरच तीन गोष्टी सांगितल्या. कपडे अजून घासले नसतील तर तसेच बाहेर काढा, पिळू नका, सावलीत वाळवा, कागदात गुंडाळून आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. आता आंघोळ झाली असली तरी हरकत नाही, या. आणि तिसरं, उद्या सकाळीच या, तीन दिवस उलटू देऊ नका.

कागद म्हटल्यावर माझ्याकडं दुसरा कुठला असणार? ब्लाऊजचं कटिंग आखायचा खाकी कागद. त्यावर आधीच्या दिवशी क्लासमध्ये आखलेली पाठ आणि बाही होती, मुंढ्याची गोलाई, शेजारी इंचांचे आकडे. रात्रभर पंख्याखाली वाळवलेली सलवार-कमीज मी एकेक वेगळ्या कागदात गुंडाळली आणि दोऱ्यानं बांधली. दवाखान्यात डॉक्टर बाईंनी ती पुडकी उघडली तेव्हा त्या आकड्यांकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि माझ्याकडं एकदा. काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “असं कुणी आणत नाही.”

जाण्याचं सांगते. आम्ही सकाळच्या पहिल्या बसनं गेलो. शक्ती योजनेमुळं कर्नाटकातल्या बाईमाणसाला सरकारी बसला तिकीट पडत नाही, आधार कार्ड तेवढं दाखवायचं. जून २०२३ पासून हे चालू आहे. सहा खेपांचं भाडं खिशातून द्यायचं असतं तर चौथ्या खेपेला त्या घरातून नकार आला असता, हे मला पक्कं माहीत आहे. महाराष्ट्रातून, चंदगड, गडहिंग्लजकडून येणाऱ्या बहिणींना ही सवलत नाही, त्यांनी पैसे धरून निघावं.

केंद्र सापडायला वेळ लागला. मुख्य दारावर पाटी नाही. चौकशीच्या खिडकीत ‘सखी’ म्हणून विचारलं तर माणसानं मान न वर करता मागं बोट दाखवलं. मागं म्हणजे औषधांच्या गोदामाच्या पलीकडं, एका बैठ्या इमारतीत तीन खोल्या. पहिल्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या, एक बाक. दुसरीत दोन पलंग. गरज पडली तर पाच दिवसांपर्यंत राहता येतं. तिसरीत संगणक, साक्षीसाठी व्हिडिओची सोय. योजना केंद्र सरकारची, एप्रिल २०१५ पासूनची, पैसा निर्भया निधीतून येतो. दवाखाना, पोलीस, वकील आणि समुपदेशन हे चारही एका छपराखाली मिळावं हा तिचा मूळ विचार. दिल्लीतल्या २०१२ च्या घटनेनंतर हे सगळं सुरू झालं. त्या मुलीच्या मरणानंतर देशानं जे थोडंफार उभं केलं, त्यातल्या तीन खोल्या आमच्या वाट्याला आल्या.

समुपदेशक बाईंबद्दल मनापासून लिहायचंय. त्यांच्या घरात कन्नड, पण शेजार मराठी, त्यामुळं मराठी मोडकी का होईना, बोलतात. त्यांनी मुलीला पहिला प्रश्न विचारला तो असा: “जेवलीस काय गं?” ती नाही म्हणाली. मग त्यांनी कँटीनमधून उप्पीट आणि चहा मागवला आणि ती खाईपर्यंत तिला काहीच विचारलं नाही. आम्हालाही विचारू दिलं नाही. आई मध्येच सांगायला लागली तर हातानंच थांबवलं. वीस मिनिटं त्या खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. दोन दिवसांत पहिल्यांदाच पोरीला कुणी प्रश्न विचारत नव्हतं.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं, आणि आईला नाही, तिला सांगितलं. तपासणीला तुझी परवानगी लागते. मध्येच थांब म्हणालीस तर थांबतील. आतून तपासणी नको असेल तर तेवढं नको म्हण. आधी तक्रार कर मगच उपचार, असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे, सरकारी असो की खाजगी, दवाखान्यानं फुकट उपचार करायचेच आहेत. संमतीचा फॉर्म कन्नड आणि इंग्रजीतच होता, हा दोष. पण त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून मराठीत सांगितली आणि शेवटी, “समजलं ते तू मला सांग,” म्हणाल्या. तिनं सांगितलं, मग सही.

डॉक्टर बाई होत्या. मी पडद्याबाहेर बसले, आई आत. किती वेळ लागला? सव्वा तास. ‘दोन बोटांची तपासणी’ नावाचा जो प्रकार पूर्वी चालायचा तो झाला नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या नियमावलीनं तो बंद केलाय आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की जो करील त्यानं गैरवर्तन केलं असं धरलं जाईल. कुणी करायला लागलं तर नाही म्हणायचा अधिकार आहे. गर्भ राहू नये म्हणून गोळी तिथंच दिली. एचआयव्ही होऊ नये म्हणूनच्या गोळ्या सुरू केल्या, रोज एक, २८ दिवस. या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, म्हणूनच तीन दिवसांचा घोर. पण हे वाचणाऱ्या कुणाचे तीन दिवस होऊन गेले असतील तर घरी बसू नका. बाकीचे उपचार, समुपदेशन, तक्रार हे सगळं नंतरही होतं.

आता पोलिसांचं, आणि इथं मला जरा थांबून लिहायचंय.

आदल्या रात्री मुलीचा काका एका ठाण्यात जाऊन आला होता. “ही जागा आमच्या हद्दीत येत नाही,” असं सांगून त्याला परत पाठवलं. आमच्या भागात हद्द म्हणजे भलतं प्रकरण आहे. शेत एका तालुक्यात, घर दुसऱ्यात, आणि कॉलेजला जायचा रस्ता मध्ये महाराष्ट्रातून येतो. केंद्रातल्या बाईंनी सांगितलं की हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावीच लागते. शून्य क्रमांकानं नोंदवून मग त्या त्या ठाण्याकडं पाठवायची. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात हे लिहूनच ठेवलंय. चंदगडच्या हद्दीत घडलेली गोष्ट बेळगावात नोंदवता येते आणि निपाणीतली कोल्हापुरात. त्यांनी फोन केला आणि दुपारी एक महिला अधिकारी केंद्रातच आल्या. गणवेशात होत्या, पण टोपी काढून बाजूला ठेवली. वागायला वाईट नव्हत्या, हे न्यायानं सांगायला पाहिजे.

मुलगी मराठीत सांगत गेली, त्या कन्नडमध्ये लिहीत गेल्या. कन्नड आम्हाला अगदीच परकं नाही. मराठी शाळेतही कन्नड शिकवतात. बसची पाटी, रेशनचं कार्ड आम्ही वाचतो. पण जबाबाची भाषा आणि पोलिसाच्या हातचं अक्षर ही वेगळी गोष्ट आहे. दोन पानं झाली. अधिकारी बाईंनी कागद फिरवला, बोट ठेवलं, “सही माडी.” पोरीनं पेन उचललं. दोन दिवस झोप नाही, पोटात ती गोळी, मळमळ. तिनं कशावरही सही केली असती.

“तडीरी मॅडम,” समुपदेशक बाई म्हणाल्या. थांबा. “ओदी हेळ्री.” वाचून दाखवा.

अधिकारी बाईंनी वाचायला घेतलं, समुपदेशक बाई वाक्यावाक्याला मराठी करून सांगायला लागल्या. पहिल्या पानाच्या खाली एके ठिकाणी त्या अडखळल्या. मुलीला म्हणाल्या, “तू त्याच्याबरोबर गेलीस?” पोरीनं मान वर केली. “नाही. त्यानं ओढत नेलं म्हटलं मी.” कागदावर होतं ‘जोतेगे होदळु’. सोबत गेली. पाहिजे होतं ‘एळदुकोंडु होद’. ओढून घेऊन गेला.

मला वाटत नाही की अधिकारी बाईंनी ते मुद्दाम लिहिलं. मुलगी हळू आवाजात बोलत होती. ती म्हणाली होती, “मग तिकडं नेलं मला.” मराठीत नेलं म्हणजे नेलं. लिहिणाऱ्याला ते गेली वाटलं. त्यांनी ओळ खोडली, वर नवीन लिहिलं, शेजारी मुलीची सही घेतली. दोन मिनिटांचं काम. पण ती दोन मिनिटं त्या खोलीत तिसरं माणूस नसतं तर आली नसती.

आठवड्यानं केंद्रात विधी सेवेच्या वकीलबाई भेटल्या तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी मथुरा नावाच्या मुलीवरच्या बलात्काराचा खटला सांगितला. १९७२ साल, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, देसाईगंजचं पोलीस ठाणं, कोवळ्या वयाची आदिवासी मुलगी. आरोपी दोन पोलीस. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, तेव्हा संमती होती असा अर्थ काढला. वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ नंतर तर स्पष्टच लिहिलंय की झटापट केली नाही एवढ्यावरून संमती होत नाही. हे सगळं मराठी मुलखातल्या एका मुलीपासून सुरू झालं आणि मला पन्नाशीत कळलं. वकीलबाई म्हणाल्या, “कायदा बदलला, पण कोर्टात पहिला प्रश्न अजून तोच येतो. स्वतःहून गेली होतीस का? तुमच्या कागदावर त्याचं उत्तर तिच्या सहीनिशी लिहिलेलं असतं.”

म्हणून सीमाभागातल्या प्रत्येक मराठी घराला माझं हात जोडून सांगणं आहे. जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. वाचून दाखवणं कायद्यातच आहे आणि त्याची एक प्रत फुकट मिळते, तीही मागून घ्या. बरोबर असं माणूस न्या ज्याला दोन्ही भाषा येतात, आणि ते नात्यातलं नसलं तर उत्तम, कारण नात्यातल्या माणसासमोर पोरगी शब्द गिळते. लेखी तक्रार मराठीत द्यायची असेल तर घटनेच्या ३५० व्या कलमानं ती देता येते. मूल अठराच्या आतलं असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीचा २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. त्यात दुभाषा घेण्याची तरतूद आहे, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा असतो आणि पोलिसानं गणवेशात यायचं नसतं. मुलांसाठी फोन १०९८. भाषेवरून आमच्याकडं सत्तर वर्षं काय काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे, मला त्यात पडायचं नाही. त्या खोलीत एका कन्नड बाईनं एका मराठी मुलीचा एक शब्द वाचवला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आता दोष. केंद्र चांगलं आहे म्हणून ते झाकणार नाही.

पहिल्या दिवशी जी माया मिळाली ती दुसऱ्या खेपेपासून दवाखान्याच्या मुख्य इमारतीत हरवली. रक्त तपासायला पुन्हा बोलावतात, त्यासाठी बाह्यरुग्णांच्या रांगेत उभं राहावं लागतं. भरलेल्या व्हरांड्यात शिपायानं मोठ्यानं विचारलं, “सखी केस कोण?” चाळीस-पन्नास माणसं वळून बघायला लागली. मुलगी जागची हलली नाही. मी उठले, “मी आहे,” म्हणाले आणि कागद घेतला. त्यापुढच्या प्रत्येक खेपेला मीच उठत गेले. त्याऐवजी कागदाला एक नंबर दिला असता तर भागलं असतं. हे मी केंद्रात सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, सहाव्या खेपेपर्यंत तरी फरक पडला नव्हता.

रात्री केंद्रात एकच बाई असतात. त्या रात्री दोघी आल्या तर एकीनं बाकावर बसायचं. संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. आईला बाहेर पाय लावून उभं राहावं लागलं. ज्या मुलीला दार बंद करून घ्यायची सगळ्यात जास्त गरज आहे तिच्यासाठी कडी नाही. पाचव्या खेपेला बघितलं तर बसवलेली होती.

कोर्टाचं काम चालू आहे, त्याबद्दल लिहीत नाही. न्यायाधीशांसमोर जो जबाब होतो तो महिला न्यायाधीशांनी घेतला, एवढं सांगते. त्यांनी आधी विचारलं, कुठल्या भाषेत बोलशील? मुलगी “मराठी” म्हणाली आणि दुभाषा आला. वकिलाचा खर्च नाही, कारण बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, १९८७ च्या कायद्यानं. नुकसानभरपाई वेगळी असते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी किमान ४ आणि कमाल ७ लाख ठरवलेत, त्यातली काही रक्कम निकालाआधी मागता येते. अर्ज केंद्रातून भरून देतात. भरपाई घेतली म्हणजे पोरीनं पैशासाठी केलं, असं बोलणारे भेटतील. आम्हाला भेटले.

गावाबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण केंद्रातून माणूस परत गावातच येतं. चौथ्या दिवशी दोन वडीलधारे आले. चहा घेतला. “पोरीचं लग्न व्हायचंय, पाच जणांत बसून मिटवू,” म्हणाले. हा गुन्हा गावकीत मिटवता येत नाही, असं मी म्हटलं तर एकजण म्हणाला, “तुम्ही शिवण शिकवा की ओ बाई.” त्यांनी मुलगी कशी आहे म्हणून विचारलं नाही. शेजारच्या म्हातारीनं मात्र काहीच न विचारता पहिल्या दिवसापासून आपली खाट त्यांच्या जोत्यावर आणून टाकली. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, “पोरगीला ताप आहे, निजलीया, नंतर या.” महिनाभर ती म्हातारी तिथून हलली नाही. माझ्या लेखी त्या गावातली सगळ्यात मोठी सेवा तिची.

डिसेंबर २०२३ मध्ये होस वंटमुरीत काय झालं ते आठवतं का? बेळगावपासून हाकेच्या अंतरावर. मुलगा एका मुलीला घेऊन गेला म्हणून त्याच्या आईला मध्यरात्री घराबाहेर ओढून विवस्त्र केलं, खांबाला बांधलं. तेव्हा बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि मारणाऱ्यांबरोबर बघत उभ्या राहिलेल्यांनाही जाब विचारला. तेव्हा आमच्या बचत गटात चर्चा झाली होती. सगळ्या जणी हळहळल्या. एकजण म्हणाली, “आपण असतो तर गेलो असतो की धावून.” त्याच बाईनं या मुलीच्या आईला शुक्रवारच्या बैठकीत, “थोडे दिवस येऊ नको, लोक बोलतात,” असं सांगितलं. मी त्या बैठकीत होते. तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं, मी खाली बघून पासबुकं लावत बसले. पुढच्या शुक्रवारी आईला हात धरून घेऊन गेले आणि माझ्या शेजारी बसवलं.

गोळ्यांचं राहिलं. २८ दिवस रोज एक, वेळ चुकवायची नाही. घरी ठेवल्या तर पाहुण्यांच्या हाती लागतील म्हणून डबी माझ्या मशीनच्या खणात ठेवली, बॉबिनी आणि टाचण्यांशेजारी. रोज अकराला ती क्लासला यायची, तांब्यातलं पाणी घ्यायची, गोळी गिळायची, मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत फुली मारायची. पहिल्या दहा दिवसांत ती मशीनला हात लावत नव्हती, नुसती बसून असायची. बाकीच्या मुलींना मी काही सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. बाराव्या का तेराव्या दिवशी कुणाच्या तरी परकराला नाडी ओवायची राहिली होती, ती तिनं आपणहून ओढून घेतली. केंद्रातल्या बाई दर बुधवारी फोन करायच्या, पाच मिनिटंच बोलायच्या, पण बुधवार चुकला नाही.

ताऱ्यांत मोजायचं झालं तर समुपदेशक बाईंना पाचपैकी पाच, डॉक्टर बाईंना पाच, केंद्राच्या सोयींना तीन. त्या व्हरांड्याला मी एकही देणार नाही. कुणाला जायची वेळ आली तर जरूर जा. जाताना आधार कार्ड, खायला काहीतरी, एक चादर आणि बदलायचे कपडे घेऊन जा. अंगावरचे कपडे तपासणीसाठी ठेवून घेतात.

हे कपड्यांचं मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी तपासणी झाल्यावर मुलीला घालायला केंद्राच्या कपाटात फक्त मोठ्या मापाचे गाऊन होते, गळा खांद्यावरून उतरणारे. तिनं वरून आईची ओढणी घट्ट गुंडाळून घेतली आणि तशीच बसमध्ये बसली. घरी आल्यावर मी सहा पंजाबी ड्रेस शिवले. सुती कापड, गडद रंग, बंद गळा, लांब बाही, नाडीची सलवार म्हणजे कुणालाही बसावी. दोन लहान, दोन मध्यम, दोन मोठे. सहाव्या खेपेला ते देऊन आले. त्यातल्या चारांच्या नाड्या तिनं ओवल्या होत्या.

गणपती झाल्यावर केंद्रातून फोन आला. ड्रेस संपले, अजून द्याल का म्हणून. मी मापं विचारली. त्या म्हणाल्या, मध्यम तीन द्या, मोठं एक. मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि अक्का, एक फ्रॉक पण पाहिजे. छाती चोवीसची.”